खाडीत जमलं, समुद्रात अडलं: सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या जैवविविधता प्रकल्पाचं प्रकरण

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्रातला २९.१२२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. राज्यातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. त्यातलं ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक. या खडकांवर प्रवाळ आहे, समुद्रशेवाळ आहे, कपारींत माशांची पिल्लं वाढतात. पण याच पाण्यात गाबित या मच्छीमार समाजाच्या वस्त्यांची जाळी पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहेत, आणि अभयारण्याचा कायदा मुळात जमिनीवरच्या जंगलाचा विचार करून लिहिलेला. मच्छीमारांनी विरोध केला, तो वर्षानुवर्षं टिकला. अभयारण्य राजपत्रात राहिलं आणि समुद्रात जे चाललं होतं ते तसंच चालू राहिलं.

पाव शतकानं त्याच किनाऱ्यावर त्याच वनखात्यानं वेगळी वाट धरली. यावेळी सोबत भारत सरकारचं पर्यावरण मंत्रालय होतं, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम म्हणजे यूएनडीपी होता, आणि पैसे जागतिक पर्यावरण सुविधा म्हणजे जीईएफ या निधीचे होते. सुमारे ३४ लाख डॉलर जीईएफचं अनुदान, आणि राज्य सरकारनं आपल्या वाट्याचे म्हणून दाखवलेले सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. त्यातला मोठा भाग एरवीच्या सरकारी योजनांचा, तेव्हा दुसऱ्या आकड्याकडे बघताना थोडं सबुरीनं घ्यावं. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी याच घडणीचा जोडप्रकल्प सुरू झाला. सिंधुदुर्गातला प्रकल्प २०१२ च्या सुमारास उभा राहिला आणि पाच-सहा वर्षं चालला.

बाहेरच्या निधीनं मालवणच्या खडकांवर का खर्च करावा, हा प्रश्न तिथल्या चहाच्या टपरीवरही विचारला जातो आणि तो रास्त आहे. जीईएफचा हिशेब असा: गावाचा विकास हे त्या त्या सरकारचं काम. पण प्रवाळ, समुद्री कासवं, देवमुशी शार्क हे साऱ्या जगाचं धन, म्हणून ते राखायला जो जादा खर्च येतो तेवढाच हा निधी उचलतो. याचा परिणाम पुढच्या सगळ्या कारभारावर झाला. कागदावर बचत गटानं खाडीत पाळलेला खेकडा हे साधन होतं आणि कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलातलं मॅन्ग्रोव्हचं जंगल, हे साध्य. खाडीकाठच्या बाईला खेकडाच साध्य. दोघांचं उद्दिष्ट एकाच चिखलात भेटलं तर प्रकल्प चालणार, नाहीतर अनुदान संपलं की खेकड्यांभोवतीचं जाळ्याचं कुंपण गुंडाळून ठेवलं जाणार. हे प्रकरण वाचायचं ते याच अंगानं.

जिल्ह्याचा किनारा १२१ किलोमीटर. देवगड, मालवण, वेंगुर्ला हे तीन तालुके त्याला लागून. दर काही मैलांवर नदी समुद्राला मिळते आणि खाडी होते: आचऱ्याची, कोळंबची, देवबागजवळ कर्लीची, आणि गोव्याच्या सीमेवर तेरेखोलची. समुद्रात तीन पिढ्यांचं तंत्र एकाच वेळी चालतं. किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही टोकांनी गावानं ओढायची रापण, ज्यात वाटे ठरलेले असतात. छोट्या होड्यांची न्हय-वावरी ही जाळी. आणि बंदरांतले ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, त्यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत आलेली पर्ससीनची मोठी जाळी. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत मालवण आणि आचरा-रत्नागिरी हा पट्टा देशातल्या अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत धरला आहे. प्रकल्पाचं सूत्र असं की एखादा तुकडा कुंपण घालून राखण्यापेक्षा मासेमारी, पर्यटन आणि शेती या धंद्यांच्या रोजच्या व्यवहारातच राखणीचा विचार घुसवायचा. १९८७ चा अनुभव पाहता हे शहाणपणाचं होतं.

कामाला खाडीतून सुरुवात करणं सोपं होतं, कारण तिथे अडचण स्पष्ट होती. कोकणात खाजणाचा, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटला की भातशेतीत भरतीचं खारं पाणी शिरतं. दुरुस्तीला माणसं नाहीत, पोरं मुंबईला. मग दोन-चार वर्षांत तिथे तिवर उगवतात, मागोमाग चिपी आणि कांदळ, ही सगळी कांदळवनाची झाडं. सातबारा कुणाच्या तरी आजोबाच्या नावावर, जमिनीवर मात्र जंगल. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. ही बंदी जमीन सरकारी की खाजगी असं विचारत नाही. म्हणजे सिंधुदुर्गातल्या खाजण-मालकाला आपल्याच जागेत भात लावता येत नाही, झाड तोडता येत नाही, आणि राखल्याचे पैसेही कुणी देत नाही. कायद्यानं कांदळवन वाचवलं, पण मालकाच्या मनात त्याच्याविषयी राग पेरला. उपजीविकेची गरज होती ती नेमकी इथे.

उत्तर म्हणून पुढे आला तो खाडीचा खेकडा, मालवणीत कुर्ली. कल्पना देखणी आहे. कांदळवनातच झाडं न तोडता जाळ्याचं कुंपण घालायचं, भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं ठेवायचं आणि त्यात खेकड्याची पिल्लं सोडायची. ही पिल्लं तामिळनाडूतल्या राजीव गांधी जलकृषी केंद्राच्या उबवणी केंद्रातून आणली गेली. हे केंद्र सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाचं. आठ-नऊ महिन्यांत खेकडा विकण्याजोगा होतो, आणि अर्धा किलोच्या वर गेला तर भाव एकदम चढतो, कारण जिवंत खेकड्याला परदेशात गिऱ्हाईक आहे.

आता चिखलात उतरून बघू. खेकडा वाढतो तो कवच टाकून. जुनं कवच फुटतं, आतून मऊ, लोण्यासारखं अंग बाहेर येतं आणि नवं कवच टणक व्हायला वेळ लागतो. तेवढ्या अवधीत शेजारचा खेकडा त्याला खाऊन टाकतो. कुंपणात हजार पिल्लं सोडली तरी हाती किती येतील ते या एका गोष्टीवर ठरतं. म्हणून गटाच्या बायका आत पाइपचे तुकडे, फुटकी कौलं, फांद्या टाकून लपायला जागा करतात आणि लहान-मोठी जनावरं वेगळी काढतात. खाणं कमी पडलं की एकमेकांना खाण्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळून रोज खाणं टाकावं लागतं. कुंपणाला उंदरानं किंवा मोठ्या खेकड्यानं भोक पाडलं तर महिन्यांची मेहनत एका भरतीत खाडीत. त्यात पावसाळ्यात नदीचा लोंढा आला की पाण्याचा खारटपणा कोसळतो. काढणीलाही डोळा लागतो. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पुनवेचा पोकळ असं कोकणात सगळेच सांगतात. विकताना मात्र हातात धरून, पायाचं कवच दाबून बघावं लागतं. नुकतं कवच टाकलेला खेकडा आकारानं मोठा दिसतो, आत पाणी असतं, आणि व्यापारी तो बाजूला काढतो.

हे सगळं बायकांनी आत्मसात केलं, आणि काही गटांना त्यातून पैसे मिळाले. पण खेकड्याला रोज घालायचं काय? बारीक, स्वस्त मासळी. ती येते कुठून? बऱ्याच अंशी ट्रॉलरच्या जाळ्यात आलेल्या कचरा मासळीतून, जिच्यात चांगल्या माशांची पिल्लं मोठ्या संख्येनं असतात. म्हणजे खाडीतलं कांदळवन राखणारा धंदा समुद्रातल्या पिल्लांच्या कत्तलीवर पोसला जातो. एका गटाचा खप किती, नगण्यच. पण हाच नमुना शंभर गावांत न्यायचा म्हटलं तर खाद्य आधी सोडवायला हवं. प्रकल्पाच्या यशोगाथा सांगताना हा धागा कुणी फारसा ओढत नाही.

कालवं आणि शिनाणे या शिंपल्यांना हा डाग नाही, ती पाणी गाळून आपलं खाणं आपण मिळवतात. दोरीला किंवा जाळीच्या पिशवीत बांधून, बांबूच्या मांडवावरून पाण्यात सोडली की निम्मं काम झालं. पाऊस लागण्याआधी काढून घ्यावी लागतात एवढंच. अडचण बाजाराची. कालवं खाणारा गिऱ्हाईक गोव्याच्या हॉटेलात, आणि तिथवर माल ताजा पोचवणारी साखळी एका बचत गटाच्या आवाक्यातली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं शिकवायचं ते शिकवलं. बर्फ, वाहन आणि उधारी वसुली हे विषय तिच्या अभ्यासक्रमात नव्हते.

सगळ्यात सुटसुटीत निघाली ती वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. २०१७ पासून स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका इथे नाव वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. मच्छीमार घरांतल्या या बायका. मासे घेऊन बाजारात बसणं हे त्यांचं ठरलेलं काम, वल्हं बहुधा पुरुषांच्याच हाती. आता त्या होडी हाकतात आणि रायझोफोरा, अ‍ॅव्हिसेनिया, सोनेरेशिया ही शास्त्रीय नावं सहज घेतात. कांदळाची शेंग झाडावरच रुजून लांब होते आणि भाल्यासारखी खाली चिखलात रुतते, ती हातात देऊन दाखवतात. तिवराची श्वासमुळं ओहोटीला चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. ती कशासाठी, हे मुंबईहून आलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं. खाडीत वाहून आलेलं प्लास्टिकही त्या काढतात, कारण घाण दिसली तर पुढचा पर्यटक येणार नाही.

या धंद्यात एक गोष्ट खेकड्याहून बळकट आहे. कांदळवन तुटलं तर सफारी त्याच दिवशी बंद. राखण आणि कमाई यांच्यामध्ये व्यापारी नाही, उबवणी केंद्र नाही, खाद्य नाही. भांडवल म्हणजे होडी आणि वल्हं. कौशल्य म्हणजे पाण्याची जाण, जी घरातच होती, आणि बोलण्याची धिटाई, जी थोड्या प्रशिक्षणानं आली. मर्यादा हीच की प्रत्येक खाडीत सफारी काढून चालत नाही. वेंगुर्ला गोव्याच्या रस्त्यावर आहे, पर्यटक मुळात तिथे येतोच. जिथे एसटी दिवसातून दोनदा जाते त्या गावानं याची नक्कल केली तर होडी किनाऱ्यावर पडून राहील. शिवाय पावसाळ्याचे महिने कोरडे. एरवी कोकणात पावसाला कोरडा कुणी म्हणत नाही, पण पर्यटनाच्या वहीत तो तसाच असतो.

समुद्राच्या बाजूला पर्यटनानं वेगळाच खेळ केला. मालवणच्या प्रवाळाचा पाण्याखालून अभ्यास करणाऱ्यांत सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव अग्रभागी. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं. मच्छीमारांची पोरं डायव्हर झाली. ज्या खडकांसाठी अभयारण्य नको म्हणून बापांनी मोर्चे काढले, तेच खडक दाखवून मुलं कमवू लागली. राखणीचा यापेक्षा सरळ पुरावा कुठला द्यायचा? पण सुट्टीच्या दिवशी किल्ल्याभोवती होड्यांची रांग बघितली की शंका येते. प्रत्येक होडीचा नांगर तळाला लागतो, आणि प्रवाळ बोटभर वाढायला वर्षं लागतात. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला माणूस घाबरला की पाय टेकायला जागा शोधतो, आणि ती जागा बहुतेकदा जिवंत असते. कांदळवन सफारीत एक गट आणि एक खाडी असते. इथे बरेच व्यावसायिक आणि एकच खडक. आपण नांगर जपून टाकला तरी शेजारचा टाकणारच, या हिशेबानं कुणीच जपत नाही.

आणि हाच हिशेब पुढे ट्रॉलरवर आला, जिथे प्रकल्पाची खरी परीक्षा होती.

ट्रॉलचं जाळं पाण्यातून ओढत नेतात. मासे मागे सरकत शेपटाकडच्या थैलीत जमतात. नेहमीच्या जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, शंकरपाळीच्या आकाराचे. ओढ लागली की आसाच्या चारही बाजू एकमेकींना मिळतात आणि भोक मिटतं. कागदावर आस कितीही मोठा लिहिला असला तरी ओढताना ती थैली जवळपास बंद पिशवी असते. बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. त्याच दोऱ्याचा आस चौकोनी बसवला तर ओढीतही भोक उघडं राहतं, आणि ४० मिलिमीटरच्या आसातून लहान मासळी बाहेर पडू शकते. अख्खं जाळं बदलायचं नाही, फक्त थैली बदलायची. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था हे तंत्र बरीच वर्षं सांगत होती. प्रकल्पानं सिंधुदुर्गात चौकोनी आसाच्या थैल्या ट्रॉलरवाल्यांना देऊन वापरून दाखवल्या.

तंत्रात खोट काढायला जागा नाही. खोट हिशेबात आहे, आणि ती ट्रॉलर मालक तोंडावर सांगतो: मी सोडलेलं पिल्लू पुढच्या तासात दुसऱ्याच्या थैलीत जाणार. दुसरा देवगडचा असेल, नाहीतर रत्नागिरीचा, नाहीतर कर्नाटकाचा मलपीचा, जो रात्री येऊन पहाटे निघून जातो. डिझेलचे पैसे कचरा मासळीही थोडे भरून काढते, तिलाही फिशमील म्हणजे मासळीची भुकटी करणारा गिऱ्हाईक आहेच. अशा वेळी थैली बदलायची तर अख्ख्या बंदरानं एकदम बदलायला हवी, आणि किनाऱ्यावर तपासणारा हवा. नमुना म्हणून वाटलेल्या थैल्यांनी हे होत नाही. थैली बदलणारा शहाणा ठरण्याऐवजी बावळट ठरतो.

याहून मोठं भांडण पर्ससीनचं. बांगडा-तारलीचा थवा हेरून, त्याला भोवताली घेरून, जाळ्याचा तळ आवळून अख्खा थवा एका फेऱ्यात उचलायचा. रापणकर आणि छोट्या होडीवाल्यांचं म्हणणं सरळ आहे: थवा किनाऱ्याला लागण्याआधीच उचलला तर आमच्या जाळ्यात काय येणार? पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले. नवे परवाने बंद, असलेल्या ४९४ परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायची, मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. आदेश झाला, भांडण संपलं नाही. एलईडी दिव्यांनी रात्री मासे गोळा करण्याचा प्रकार आला, समुद्रात ट्रॉलर अडवणं, ताब्यात घेणं, मारामाऱ्या, सगळं झालं. २०२१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेला आणि जी प्रकरणं तहसीलदारांपुढे रेंगाळत ती मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली.

आंतरराष्ट्रीय प्रकल्प या सगळ्या काळात त्याच किनाऱ्यावर होता आणि या भांडणाच्या कडेकडेनं चालला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परवाने कमी करणं हे राज्याचं काम, पाहुण्या निधीचं नव्हे. पण मदत कुणाला मिळाली आणि ओरबाडणारं कोण होतं, हे समोरासमोर मांडलं तर चित्र विचित्र दिसतं. खेकड्याची पिल्लं, सफारीची होडी, कालवांचे मांडव हे खाडीकाठच्या बायकांना आणि छोट्या मच्छीमारांना मिळालं. किनाऱ्यावरच्या मासळीचा उपसा करण्यात त्यांचा वाटा सगळ्यात कमी. ज्यांचा वाटा मोठा त्यांच्याकडे पोचली ती थैल्यांची वाटप मोहीम. गरिबाला कमाईचं साधन मिळालं ही चांगलीच गोष्ट, तिला नाव ठेवायचं कारण नाही. पण तिच्यातून समुद्र राखला गेला असं अहवालात लिहिणं म्हणजे एकाच्या खात्यावरची जमा दुसऱ्याच्या नावे दाखवणं.

नेम कुठे बरोबर बसतो त्याचं उदाहरण पुढे याच राज्यात तयार झालं. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं की जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमुशी असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. मोबाइलवर फोटो काढायचा, प्राणी सोडायचा, अर्ज करायचा. अडकलेल्या कासवाचा जीव ज्याच्या हातात, पैसा त्याच्याच हातात. डॉल्फिनबद्दल मच्छीमारांच्या मनात प्रेमच असतं असं नाही, तो जाळं फाडतो आणि मासे पळवतो ही तक्रार जुनी आहे. भरपाईनं ती तक्रार मिटत नाही, पण सुरी चालवायची ती जाळ्यावर की प्राण्यावर, याचा निर्णय सोपा होतो.

शेतीच्या बाजूला श्री पद्धतीच्या भातलागवडीचे प्रयोग झाले. कमी बी, कमी पाणी, मोजक्या अंतरावर एकेक रोप. शेतातलं खत नदीनं खाडीत येतं, हा धागा बरोबर. पण मजूर मिळत नाही म्हणून भातच सोडून देणाऱ्या जिल्ह्यात रोपं मोजून लावायला सांगणं जरा अवघडच. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

प्रकल्प संपल्यावर काय उरलं, यात या प्रकरणाचा वेगळेपणा आहे. बहुतेक परकीय निधीचे प्रकल्प संपतात तेव्हा फलक उरतो. इथे यंत्रणा उरली. जानेवारी २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात कांदळवन कक्ष सुरू झाला होता. एन. वासुदेवन हे त्याचे पहिले प्रमुख, आणि सिंधुदुर्गच्या प्रकल्पाचा कारभारही त्यांच्या हाती होता. २०१५ मध्ये कक्षाला जोडून प्रतिष्ठान उभं राहिलं, ज्याला सरकारी खात्यापेक्षा मोकळेपणानं माणसं नेमता येतात आणि पैसा वर्षअखेरीला परत जात नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यानं कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना काढली: खेकडा, कालवं, शिनाणे, जिताडा, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन. सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के अनुदान, वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के, आणि गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती. सिंधुदुर्गात बाहेरच्या पैशानं जे करून पाहिलं ते राज्याच्या पैशानं किनाऱ्याच्या इतर जिल्ह्यांत गेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हरित हवामान निधीनं महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. पुन्हा यूएनडीपी सोबत, आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग त्यात आहेच. तौक्ते चक्रीवादळानं २०२१ च्या मे महिन्यात मालवणची दैना केली, तेव्हापासून कांदळवन आणि वादळ यांचा संबंध तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

एका आकड्याबद्दल सावध राहावं. राज्याचं कांदळवन भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात १८६ चौरस किलोमीटर होतं, २०१७ च्या अहवालात ३०४. भाषणांत हा आकडा हमखास येतो. त्यात उपग्रह चित्रांतून अधिक बारकाईनं मोजल्याचा वाटा आहे, गाळ साचून नव्या जागा झाल्याचा आहे, न्यायालयाच्या बंदीचा आहे. त्यातलं बरंचसं कांदळवन रायगड, ठाणे, मुंबईकडचं. सिंधुदुर्गातले बचत गट या वाढीचे मानकरी नाहीत, आणि त्यांच्या कामाची किंमत सांगायला या आकड्याची गरजही नाही.

पुढच्या टप्प्यात वेगळं काय करता येईल? पहिली गोष्ट खाजण-मालकाची. समूहाला ९० आणि एकट्याला ७५ टक्के हे सूत्र गट बांधायला बरं आहे, पण ज्याच्या सातबाऱ्यावर तिवर उगवले तो माणूस गटात असेलच असं नाही. बहुतेकदा तो मुंबईत असतो आणि कुंपण दुसरेच घालतात. त्याच्या नावे भाडं किंवा वाटा लिहिल्याशिवाय सह-व्यवस्थापन समितीचं कांदळवन पक्कं होत नाही. दुसरी स्कूबाची: दर तिकिटामागे ठरावीक रक्कम बाजूला काढून खडकांभोवती होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवावेत, म्हणजे नांगर टाकण्याची वेळच येणार नाही. तिसरी ट्रॉलरची. २०२३ मध्ये राज्यानं ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिले, त्याहून लहान मासा पकडणं आणि विकणं गुन्हा. हा नियम समुद्रात जाऊन राबवायचा नसतो, तो लिलावाच्या जागी राबवता येतो, जिथे टोपली उघडी असते आणि पट्टी लावून मासा मोजता येतो. परकीय निधीतून थैल्या वाटायच्याच असतील तर एका बंदरातल्या सगळ्या ट्रॉलरना एकाच हंगामात द्याव्यात आणि त्याच हंगामापासून लिलावात मापं घ्यावीत. चौथी गोष्ट खेकड्याच्या खाद्याची. कोळंबी सोलणाऱ्या शेडमधली डोकी आणि सालं, मासळी बाजारातलं आतडं-डोकं हे रोज फुकट जातं. ते वाळवून, दळून गटांपर्यंत पोचवायचं काम एखाद्या दुसऱ्या बचत गटाला देता येईल, आणि मग खाडीतल्या कुर्लीला ट्रॉलरच्या कचरा मासळीकडे बघत बसावं लागणार नाही.